सायकलच्या टायरचा लोटणरोध

सायकलचा टायर रस्त्यावरून लोटत जाताना गतीला जो विरोध होतो, त्यास लोटणरोध किंवा रोलिंग रेझिस्टन्स असे म्हणतात. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराला मुख्यतः हवेचा रोध आणि लोटणरोध यांवर मात करावी लागते. डांबरी रस्त्यासाठीचे अरुंद रोड टायर आणि खडीच्या व मातीच्या वाटांसाठीचे रुंद ग्रॅव्हल टायर यांच्या तुलनेत हा एक प्रमुख निकष आहे.

== कारण ==
जमिनीला टेकलेला टायरचा भाग दबतो आणि पुढे सरकताच मूळ आकारात येतो. रबर पूर्णतः स्थितिस्थापक नसल्याने दबताना खर्च झालेल्या ऊर्जेचा काही अंश परत मिळत नाही. त्याची उष्णता होते. या गुणधर्मास हिस्टेरेसिस म्हणतात. जाड रबर, पंक्चररोधक थर आणि उंच ठोकळ्यांची नक्षी यांमुळे हा व्यय वाढतो. पातळ, लवचिक कापडी सांगाडा आणि लॅटेक्स ट्यूब यांमुळे तो घटतो.

== गणन ==
लोटणरोधाचे बल म्हणजे लोटणरोध गुणांक आणि चाकांवरील भार यांचा गुणाकार होय. स्वार व सायकल मिळून ८० किलोग्रॅम वस्तुमान आणि ताशी ३० किमी वेग धरल्यास, ०.००४ गुणांकाला सुमारे २६ वॉट, तर ०.००६ गुणांकाला सुमारे ३९ वॉट शक्ती लागते. ही शक्ती वेगाच्या समप्रमाणात वाढते. हवेच्या रोधासाठी लागणारी शक्ती मात्र, वारा नसताना, वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे कमी वेगात टायरचा प्रभाव तुलनेने अधिक जाणवतो.

== रोड व ग्रॅव्हल टायर ==
रोड टायर सामान्यतः २५ ते ३२ मिमी रुंद असतात, तर ग्रॅव्हल टायर बहुधा ३५ ते ५० मिमी रुंद असून त्यांत हवेचा दाब बराच कमी ठेवतात. गुळगुळीत डांबरावर रोड टायरचा लोटणरोध सहसा कमी असतो. परंतु याचे कारण केवळ अरुंदपणा नव्हे. दाब समान ठेवल्यास रुंद टायरचा जमिनीशी होणारा स्पर्श आखूड व रुंद असतो, टायर कमी दबतो आणि रोधही घटतो. ग्रॅव्हल टायर मंद ठरतो तो प्रामुख्याने जाड बांधणी, नक्षी आणि कमी दाब यांमुळे. बारीक नक्षीचा, लवचिक बांधणीचा ग्रॅव्हल टायर डांबरावरही जाड बांधणीच्या रोड टायरच्या तोडीचा ठरू शकतो.

== दाब आणि पृष्ठभाग ==
टायर जितका कडक तितकी सायकल वेगवान, ही समजूत गुळगुळीत पृष्ठभागापुरतीच बरीचशी खरी आहे. खडीवर अतिकडक टायर प्रत्येक दगडावर उसळतो. सायकल व स्वाराचे शरीर हादरते आणि पुढे जाण्यासाठीची ऊर्जा त्या कंपनांत खर्च होते. कमी दाबाचा टायर दगडाभोवती दबून हा व्यय टाळतो. मात्र दाब फार उतरल्यास टायर जास्त दबून रोध वाढतो आणि धावेला इजा होण्याचा धोका निर्माण होतो. फ्रान्समधील पॅरिस–रूबे शर्यतीत दगडी फरसबंदीच्या टप्प्यांसाठी रोड सायकलस्वारही याच कारणाने अधिक रुंद टायर व कमी दाब वापरतात.

== मापन ==
प्रयोगशाळेत ठरावीक भार दिलेले चाक फिरत्या पोलादी ढोलावर चालवून लागणारी शक्ती मोजतात. ढोलाच्या वक्रतेमुळे टायर सपाट रस्त्यापेक्षा अधिक दबतो. शिवाय ढोल गुळगुळीत असल्यास स्वाराच्या शरीरातील कंपनांचा व्यय मोजला जात नाही. त्यामुळे अशा चाचणीतील क्रमवारी खडीच्या रस्त्यावर तशीच राहील असे नाही.