योग आणि क्षेम : हॉकीतील रक्षकाची घडण

सन २०२४ च्या नोव्हेंबर महिन्यातील एकविसाव्या तारखेची सकाळ. आमच्या घरी वर्तमानपत्र आले म्हणजे ते प्रथम माझ्या हाती यावयाचे, हा कित्येक वर्षांचा शिरस्ता. परंतु त्या दिवशी तो मोडला. माझ्या धाकट्या बंधूंची नात, वय वर्षे बारा, दारातूनच अंक घेऊन ओसरीवर बसली होती. आदल्या दिवशी बिहारमधील राजगीर येथे भारतीय मुलींनी चीनच्या संघास १-० असे हरवून हॉकीतील आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला होता. चीनचा संघ हा काही सामान्य प्रतिस्पर्धी नव्हे. त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये त्याने रौप्यपदक मिळविले होते. मी मोठ्याने वृत्तांत वाचून दाखविला आणि दीपिका या खेळाडूची वाहवा केली, कारण ३१ व्या मिनिटास झालेला तो एकुलता एक गोल तिचा. त्यावर नात हिरमुसून म्हणाली, "आजोबा, पण ह्यात वैष्णवीचे नाव कुठेच नाही!"

ही वैष्णवी कोण, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. मास्तर म्हणून जन्म घालविलेल्या माणसास बारा वर्षांच्या मुलीकडून धडा घ्यावा लागला, हे प्रथमच कबूल करून टाकतो.

आमच्या नगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, श्रीगोंद्यावरून दक्षिणेस निघाले म्हणजे भीमा ओलांडावी लागते. पुढे बारामती, त्यापुढे नीरा, आणि नीरेपलीकडे सातारा जिल्ह्यातील फलटण. श्रीरामाचे मंदिर, ज्ञानोबारायांच्या पालखीचा मुक्काम आणि कालव्याच्या पाण्यावर डोलणारा ऊस ही त्या गावाची ओळख आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच फलटण तालुक्यातील आसू या गावची वैष्णवी विठ्ठल फाळके आणि वाखरी या गावची अक्षता आबासो ढेकळे. दोघीही भारताच्या संघात पोहोचल्या, आणि दोघींचीही नावे संघाच्या यादीत आपल्या मराठी रिवाजाप्रमाणे वडिलांच्या नावासह छापली जातात. दूर देशीच्या मैदानावर 'विठ्ठल' आणि 'आबासो' ही नावे उच्चारली जात असतील, या कल्पनेने मला तरी मौज वाटली.

अक्षता ही रक्षक, जुन्या भाषेत फुलबॅक. सन २०२२ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम येथे कनिष्ठ मुलींची विश्वचषक स्पर्धा झाली, तीत ती भारताच्या बचावफळीत होती. त्या संघाने जर्मनीस २-१ असे हरविले, उपान्त्यपूर्व सामन्यात दक्षिण कोरियास ३-० असे हरविले. पुढे नेदरलँड्सपुढे मात्र हार खावी लागली आणि चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. त्याच वर्षीच्या वरिष्ठ विश्वचषकासाठी तिची निवड झाली ती राखीव खेळाडू म्हणून. वैष्णवी २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या संघात होती. ती मध्यफळीत खेळत असे. राजगीरच्या संघात तिचे नाव बचावफळीत लागले. म्हणजे मध्यावर चेंडू खेळविण्याचे सुख सोडून तिला मागे येऊन उभे राहावे लागले.

हे 'मागे उभे राहणे' म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी मला माझ्या संस्कृतचाच आधार घ्यावा लागला. 'योगक्षेम' हा शब्द आपण पत्राच्या मायन्यात सहज लिहून जातो. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे मिळालेले नाही ते मिळविणे हा योग, आणि जे मिळालेले आहे ते राखणे हा क्षेम. हॉकीतील आघाडीचे खेळाडू योगासाठी धावतात. रक्षक क्षेमासाठी उभा असतो. योग फलकावर दिसतो, कारण तेथे आकडा वाढतो. क्षेम दिसत नाही, कारण तेथे शून्य शून्यच राहते.

सन १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने प्रथम सुवर्णपदक मिळविले. पाच सामन्यांत भारताने २९ गोल केले. त्यांपैकी १४ एकट्या ध्यानचंदांचे. हे आपल्या घरातील शाळकरी मुलासही सांगता येईल. परंतु त्याच पाच सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही, हे किती जणांस ठाऊक असते? गोलरक्षक रिचर्ड अ‍ॅलन आणि त्याच्यापुढील मायकेल रॉक व लेस्ली हॅमंड हे फुलबॅक यांची नावे आपण विसरून गेलो. राजगीरलाही तेच घडले. भारताच्या मुली सात सामने खेळल्या. त्यांवर गोल झाले अवघे दोन, आणि ते दोन्ही कोरियाविरुद्धच्या एकाच सामन्यात. बाकीच्या सहा सामन्यांत प्रतिपक्षाच्या नावापुढे शून्य. हे शून्य वैष्णवी, उदिता, सुशीला चानू, इशिका चौधरी, ज्योती यांच्या फळीने आणि गोलरक्षकांनी राखले होते.

आणि हे शून्य न राखले गेले तर काय होते, तेही त्याच वर्षी दिसले होते. जानेवारीत रांची येथे ऑलिंपिक पात्रतेची स्पर्धा झाली. १९ तारखेस जपानशी सामना. जिंकणारास पॅरिसचा मार्ग मोकळा. सहाव्याच मिनिटास जपानने पेनल्टी कॉर्नरवर एक गोल केला. उरलेला सर्व वेळ भारतीय मुलींनी जिवाचे रान केले, पण तो एक गोल काही फिटला नाही. ०-१. एका गोलाने ऑलिंपिक गेले.

असा रक्षक घडतो कसा? मी या गोष्टीची चौकशी केली, सामने पाहिले, नियमांचे पुस्तक वाचले. त्यातून जे उमगले ते येथे सांगतो.

प्रारंभ शरीरापासून होतो. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी या निवासी योजनेत आठ ते चौदा या वयातील मुलामुलींची निवड होते. तेथे प्रथम उंची आणि वजन मोजतात. मग उभ्या जागेवरून लांब उडी, उभी उडी, जड चेंडूची फेक, तीस मीटरची धाव, दहा मीटरच्या अंतरात सहा वेळा जाऊन येऊन पळणे आणि शेवटी आठशे मीटरची धाव, अशा कसोट्या असतात. मुलास हॉकीची काठी धरता येते की नाही, हे तेथे कोणी विचारीत नाही. अक्षता वाखरीहून पुण्यास गेली ती याच वाटेने. पुण्याजवळील म्हाळुंगे-बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेली क्रीडानगरी आहे. खेड्यातील मुरमाच्या मैदानावर वाढलेल्या पोरांस कृत्रिम गवताची पहिली ओळख अशा ठिकाणी होते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हे गवत आले आणि खेळाचा वेग पार पालटून गेला. मातीवर उडणारा चेंडू येथे सरळ बाणासारखा येतो.

दुसरी पायरी संयमाची. नवशिका रक्षक चेंडू दिसला की त्यावर झडप घालतो. चतुर प्रतिस्पर्धी त्यास तेवढ्यात चकवून पुढे जातो. म्हणून रक्षकास प्रथम शिकवितात ते झडप न घालणे. गुडघे वाकवावयाचे, काठी जमिनीलगत ठेवावयाची, आपले अंग चेंडू आणि गोल यांच्या मध्ये राखावयाचे, आणि एकेक पाऊल मागे सरत प्रतिस्पर्ध्यास हळूहळू बाजूच्या रेषेकडे रेटीत न्यावयाचे. तेथे त्यास एकच बाजू मोकळी उरते. त्याची काठी चेंडूपासून क्षणभर सुटली की मग घाव. ही वाट पाहण्याची विद्या शिकण्यास वर्षे लागतात. उतावीळपणाची शिक्षाही जबर असते. गोलापुढील अर्धवर्तुळात रक्षकाची चूक झाली की पेनल्टी कॉर्नर. धसमुसळेपणा झाला तर हिरवे, पिवळे अथवा लाल कार्ड. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्ध १७ व्या मिनिटास आपल्या पुरुषसंघातील अमित रोहिदास या रक्षकाची काठी प्रतिस्पर्ध्यास लागली आणि लाल कार्ड मिळाले. उरलेली चाळीस मिनिटांहून अधिक वेळ दहा जणांनी किल्ला लढविला व शेवटी विजयही मिळविला. परंतु पुढच्या जर्मनीविरुद्धच्या सामन्यात त्यास खेळता आले नाही आणि तो सामना आपण २-३ असा गमावला.

तिसरी पायरी दृष्टीची. चेंडू मिळाल्यावर तो कोणास द्यावयाचा, हे चेंडू मिळण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. मागून सारे मैदान दिसते, म्हणून सहकाऱ्यांस हाका मारून जागा दाखविण्याचे कामही रक्षकाचेच. मितभाषी मुलींस हे फार जड जाते, असे म्हणतात.

चौथी पायरी धैर्याची. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरक्षक धरून फक्त पाच जण गोलरेषेमागे उभे राहू शकतात. बाकीचे मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे. चेंडू आत ढकलला जाताच त्यांतील एक जण थेट फटका मारणाराच्या अंगावर धावत सुटतो. चेंडूचे वजन सुमारे १६० ग्रॅम, अंतर पंधरा मीटरांच्या आत. तोंडावर मुखवटा असतो, गुडघ्यांवर कवच असते; तरी जो समोरून येणाऱ्या चेंडूकडे धावतो त्याचे काळीज वेगळेच म्हणावे लागेल. २०२१ साली टोकियो येथे ऑस्ट्रेलियाच्या मुलींस असे सात कॉर्नर मिळाले आणि आपल्या मुलींनी सातही परतवून तो सामना १-० असा जिंकला.

आता घरची गोष्ट. क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीस जाण्याचा हट्ट आमच्या नातीने धरला तेव्हा ओसरीवर मोठी सभा भरली. तिची आजी, म्हणजे माझी धाकटी भावजय, म्हणाली, "भावजी, मुलीची जात. दातबीत पडला म्हणजे काय करायचे? शिवाय बाराव्या वर्षी घर सोडायचे, आणि एवढे करून खेळेलच असा काय नेम?" हे तीनही प्रश्न खरे होते. चेंडू लागतो. घर सुटते. शेकडो मुली निघतात आणि भारताच्या संघात पोहोचतात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतही अक्षतासारखीस ऐन विश्वचषकाच्या वेळी राखीव म्हणून थांबावे लागते.

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. अशा वेळी मी काय सांगेन हे घरास ठाऊक होते, कारण पूर्वी एकदा मी तेच सांगितले होते. पंचवीसएक वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगा कबड्डीत चांगला नाव काढू लागला होता. तो संघाच्या मागल्या कोपऱ्यात उभा राही आणि चढाई करणाराचा घोटा धरी. जिल्ह्याच्या संघासाठी त्यास बोलावणे आले, तेव्हा त्याचे वडील माझा सल्ला घेण्यास आले. मी म्हणालो, "शब्दरूपे कच्ची आहेत. अभ्यास बघा." त्यांनी माझे ऐकले. पुढे तो मुलगा अभ्यासातही रमला नाही आणि मैदानावरही परत गेला नाही. बाजारात भेटला म्हणजे आजही वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार मला सुखाने घेता येत नाही.

म्हणून या वेळी मी निराळे बोललो. भावजयीस म्हणालो, "खेळेलच असा नेम नाही, हे खरे. पण तुमच्या कामाचे नाव तरी कोणत्या कागदावर छापून आले आहे? या घरात मिळवून आणणारे आम्ही चौघे, राखणाऱ्या तुम्ही. या पोरीला पुढे धावून गोल करायचा नाही. तिला मागे उभे राहून घर राखायचे आहे. ते ती कोणाकडून शिकली?" भावजय काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठली आणि प्रवासास डबा कोणता द्यावा, याची चौकशी करू लागली.

चाचणी झाली. आठशे मीटरच्या धावेत नात मागे पडली. त्या वर्षी निवड झाली नाही. ती दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवसापासून पहाटे पाच वाजता तिचे वडील सायकल घेऊन आणि ती पायी, अशी दोघे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावण्यास जाऊ लागली. पुढे काय होईल हे मी सांगू शकत नाही. निवड होवो अथवा न होवो, वाट पाहावयास आणि न डगमगता उभे राहावयास ती शिकते आहे.

वाचकहो, आपल्या घरात एखादे मूल मैदानावर मागे उभे राहणारे असेल, तर त्याने किती गोल केले हे विचारू नका. समोरच्यांनी किती केले, ते विचारा. उत्तर शून्य आले, तर त्या दिवशी त्याच्या ताटात एक लाडू अधिक वाढण्यास हरकत नाही.