सॉफ्टवेअर अभियंत्याची मुलाखत : तयारी कशी करावी?



पदवी हाती आली म्हणजे नोकरी मिळालीच असे नाही. सॉफ्टवेअर कंपनीत प्रवेश मिळवण्यासाठी बहुधा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली संगणकावरील चाचणी, दुसरी तांत्रिक मुलाखत आणि तिसरी मनुष्यबळ विभागाची मुलाखत. घरात शिकलेली पहिलीच पिढी असलेली अनेक हुशार मुले चाचणीत उत्तीर्ण होतात, पण तांत्रिक मुलाखतीत अडखळतात. उत्तर येत असूनही ती गप्प राहतात, आणि त्या शांततेचा अर्थ परीक्षक 'येत नाही' असाच घेतो.

परीक्षकाला उत्तराइतकीच विचार करण्याची रीत पाहायची असते. समजा, प्रश्न आला : १,००० संख्यांच्या यादीत १०० बेरीज येणाऱ्या दोन संख्या आहेत का? लगेच लिहावयास बसू नये. आधी विचारावे, 'यादीत ऋण संख्या आहेत का? एखादी संख्या पुन्हा आलेली असू शकते का?' मग सोपी रीत सांगावी : प्रत्येक जोडी तपासणे. अशा ४,९९,५०० जोड्या होतात. त्यानंतर सुधारणा सुचवावी. प्रत्येक संख्या १०० मधून वजा करावी, उरलेली संख्या हॅश टेबलमध्ये आहे का ते पाहावे, नसल्यास हातातील संख्या तेथे नोंदवून पुढे जावे. यादी एकदा वाचूनच काम होते. शेवटी ३०, ४५, ७० अशी छोटी यादी घेऊन स्वतःच पडताळून दाखवावे.

मुलाखत बहुधा इंग्रजीत होते. त्यासाठी अलंकारिक भाषा लागत नाही. छोटी, सरळ वाक्ये पुरतात. रोज एक प्रश्न फळ्यावर, मित्राला परीक्षक करून, मोठ्याने बोलत सोडवावा. अॅरे, स्टॅक, ट्री, सॉर्टिंग व डेटाबेस यांचा पाया पक्का करावा. अर्जात लिहिलेल्या प्रकल्पातील आपण स्वतः केलेला भाग नीट समजावून सांगता आला पाहिजे. आणि नोकरीसाठी कोणी अनामत रक्कम मागितली, तर तेथून सरळ परत फिरावे.

सभासद बंधू-भगिनींना एक विनंती. आपल्यापैकी जे या क्षेत्रात नोकरीस आहेत, त्यांनी रविवारी तासभर काढून दोन मुलांची सराव मुलाखत घ्यावी. अनोळखी माणसासमोर बोलण्याची सवय पुस्तकातून लागत नाही. ती आपणच लावू शकतो.