विलिविलीचा बहर आणि लेकुरवाळी शार्क

ऐका तर बाळांनो. प्रशांत महासागराच्या ऐन मध्यावर हवाई नावाची बेटं आहेत. चहूकडे हजारो किलोमीटर नुसतं पाणी. तिथं डोंगरांच्या कोरड्या उतारांवर एक झाड उगवतं, विलिविली. आपल्या पांगाऱ्याचं ते चुलत भावंड. आपला पांगारा शिशिरात पानं टाकतो आणि फाल्गुनात लालभडक फुलतो. विलिविलीही तसाच उघड्या फांद्यांवर फुलतो, पण त्याचा मोसम वेगळा. सगळा कोरडा उन्हाळा सोसून, पानं गाळून, भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला तो बहरतो. एखादं झाड केशरी, एखादं पिवळं, एखादं फिकट हिरवं. लाकूड इतकं हलकं, की होडीची उलांडी त्याचीच करत आणि लाटांवर स्वार होण्याच्या फळ्याही त्याच्याच.

या झाडाबद्दल तिथली जुनी माणसं सांगत आली आहेत, की विलिविली फुलला की शार्क चावते. त्या दिवसांत पाण्यात जपून उतरा.

आता तुम्ही म्हणाल, आजोबा, झाड डोंगरावर आणि शार्क समुद्रात, एकाची खबर दुसऱ्याला कोण देतं? अगदी बरोबर विचारलंत. पण आधी ही म्हण आपल्यापर्यंत आली कशी ते ऐका.

हवाई बेटावरच्या काऊ भागात 1895 साली मेरी कवेना पुकुई जन्मली. लहानपणी ती आजीजवळ वाढली. तिच्या सहाव्या वर्षी आजी गेली, पण तोवर आजीच्या तोंडून मंत्र, गोष्टी, झाडांची आणि वाऱ्यांची नावं तिच्या कानांत पक्की बसली होती. मेरीच्या जन्मानंतर पुढच्याच वर्षी कायदा झाला, शाळांतून शिकवायचं ते इंग्रजीतच. वर्गातून हवाई भाषा गेली. आजीजवळचं ज्ञान नातवंडांकडे जायची वाटच बुजत चालली. मेरी मोठी झाली ती याच कामाला लागली. होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये काम करत, गावोगावच्या म्हाताऱ्यांना बोलतं करून तिनं सगळं टिपून ठेवलं. 1957 साली तिचा आणि सॅम्युएल एल्बर्टचा शब्दकोश आला. 1983 साली तिच्या म्हणींचा संग्रह निघाला, त्यात 2,942 म्हणी आहेत. शार्कची म्हण त्यांतलीच एक.

आता शार्ककडे वळू. हवाईच्या किनाऱ्याला टायगर शार्क असते, अंगावर वाघासारखे पट्टे असलेली. काही शार्क अंडी घालतात, ही मात्र जिवंत पिल्लं देते. तीही एकदोन नव्हे, एका खेपेला दहापासून ऐंशीपर्यंत! पंधरा-सोळा महिने ती हे ओझं पोटात वागवते. शास्त्रज्ञांनी शंभरावर टायगर शार्कना आवाजाचा संकेत देणारी छोटी यंत्रं बसवली, समुद्राच्या तळाशी तो संकेत ऐकणारी यंत्रं ठेवली आणि सात वर्षं नोंदी घेतल्या. 2013 साली निष्कर्ष छापून आला. वायव्येला दूरवर फ्रेंच फ्रिगेट शोल्स नावाची प्रवाळबेटं आहेत. तिथल्या प्रौढ माद्यांपैकी सुमारे पाव माद्या उन्हाळा सरताना शेकडो किलोमीटर पोहत माणसांच्या वस्तीच्या बेटांकडे येतात. कशाला? बाळंतपणाला, असा संशोधकांचा कयास आहे. शार्क चावल्याच्या नोंदी पाहिल्या, तर तिथं ऑक्टोबर महिना सगळ्यांत वर आहे. आणि ऑक्टोबर म्हणजे कोणाचा मोसम? विलिविलीचा!

झाड शार्कला हाक मारत नाही, शार्कही फुलं बघायला येत नाही. एकच ऋतू दोघांना आपापल्या कामाला लावतो. कोळी रोज पाण्यात उतरायचे. घरी परतताना त्यांना फुललेला उतार दिसायचा. कितीतरी पिढ्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या आणि नातवंडांसाठी एका ओळीत बांधून ठेवल्या. माझ्या मते हे अस्सल विज्ञान आहे, वहीत मांडलेलं नव्हतं एवढंच.

पण विलिविलीच्या फुलांचं हे पंचांग मध्येच आजारी पडलं. 2005 साली पूर्व आफ्रिकेकडची एक माशी हवाईत पोहोचली. गांधीलमाशीच्या जातकुळीतली, पण जेमतेम दीड मिलिमीटरची. ती पांगाऱ्याच्या कोवळ्या पानांत अंडी घालते, पानांवर गाठी येतात, पालवी वेडीवाकडी होते आणि झाड वाळतं. आपल्याकडे केरळातही तिनं मिऱ्याच्या वेलांना आधार देणारे पांगारे पोखरले. हवाईत तर विलिविलीची रानंच्या रानं उघडी पडली. मग शास्त्रज्ञ त्या माशीच्या मुलखात गेले. टांझानियात त्यांना तिची वैरीण सापडली, तसलीच दुसरी इवली माशी. तिची अळी गाठीत शिरून पहिलीच्या अळ्या फस्त करते. ती दुसऱ्या कशाला अपाय करत नाही ना, हे आधी बंदिस्त जागेत तपासलं आणि 2008 साली तिला मोकळं सोडलं. झाडांना पुन्हा पालवी फुटली. फुलं आणि शेंगा मात्र अजून पुरत्या सुटलेल्या नाहीत.

शार्कच्या म्हणीसारखं ज्ञान ज्यांच्याजवळ आहे, अशा जाणत्या माणसांना विचारायची रीत आता तिथं रुजली आहे. त्यांना सांस्कृतिक सल्लागार म्हणतात. 2000 सालच्या कायद्यानुसार पर्यावरणाच्या अहवालात स्थानिक लोकांच्या चालीरीतींवर काय परिणाम होईल तेही लिहावं लागतं. मग या माणसांना शोधत अधिकारी येतात. इथं कोणते मासे कधी यायचे, या ओढ्याचं पाणी कोणत्या अळूच्या खाचरात जायचं, कोणत्या झाडाचा काय उपयोग, हे नकाशात सापडत नाही. ते सल्लागाराला त्याच्या आजीनं सांगितलेलं असतं. इतकं मोलाचं काम मला दुसरं सुचत नाही.

तुमच्यापैकी कोणी मोठेपणी हवाईला गेलात, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात वायकोलोआच्या कोरड्या रानात जा. तिथं माणसं विलिविलीची रोपं लावून जगवत आहेत, ती बघा. आणि त्या दिवसांत गढूळ पाण्यात किंवा तिन्हीसांजेला पोहू नका. पाण्यात उतरायच्या आधी किनाऱ्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर ऐका.