उपवासाचं ताट हलकं करताना

श्रावणी सोमवार, संकष्टी, एकादशी असे महिन्यातले चार-पाच उपवास नेमाने करणाऱ्या कितीतरी बायका म्हणतात, ‘उपवास करूनही वजन हलत नाही.’ याचं उत्तर खिचडीच्या कढईत सापडतं, आणि ते मोजून बघता येतं.

एका माणसापुरती खिचडी घेऊ. कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम, म्हणजे साधारण २१० कॅलरी. दाण्याचं कूट ३० ग्रॅम, त्याच्या १७०. पोह्याच्या मोठ्या चमच्याने एक चमचा तूप, सुमारे १२०. लहान बटाट्याच्या ६०. बेरीज साडेपाचशेच्या वर जाते, आणि दह्याची वाटी अजून यायचीच आहे. खिचडी दिसते मात्र वाटीभर.

तुपाचा आकडा एवढा मोठा का? एक ग्रॅम स्निग्धांशात ९ कॅलरी असतात, पिठूळ पदार्थांत आणि प्रथिनांत ४. म्हणून काटछाट तुपापासून सुरू करावी. साबुदाणा तर कसाव्याच्या कंदातलं निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं आणि चोथा जवळपास नाहीतच. तो लवकर पचतो आणि चार वाजता हात बटाट्याच्या चिवड्याच्या डब्याकडे जातो.

आता भगर घ्या. कोरड्या वजनावर भगरीच्या आणि साबुदाण्याच्या कॅलरींत फार अंतर नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. फरक पाण्याने पडतो. साबुदाणा भिजताना जेमतेम आपल्या वजनाइतकं पाणी पितो; भगरीला वाटीला तीन वाट्या पाणी लागतं. ४० ग्रॅम भगर मऊ शिजली की ताटात भरपूर दिसते, आणि कॅलरी होतात १४० च्या आसपास. शिवाय ती धान्य असल्याने तिच्यात थोडी प्रथिनंही असतात. जिऱ्याच्या फोडणीला लहान चमचाभर तूप पुरतं, त्याच्या ४५.

सोबत दाण्याची आमटी हवीच. दाणे पूर्ण बंद करणं मला पटत नाही, कारण उपवासाच्या ताटात प्रथिनांचा मोठा आधार तेच असतात. फक्त ते आमटीत उतरवावेत: १५ ग्रॅम भाजलेले दाणे, हिरवी मिरची आणि जिरं बारीक वाटून, आमसूल घालून, पाणी सढळ ठेवून उकळलं की माणशी वाटीभर आमटी होते. तिच्या ८५ कॅलरी. वर काकडीची दह्यातली कोशिंबीर, कूट न घालता. सगळं ताट सव्वातीनशेच्या आत बसतं आणि पोट भरल्यासारखं वाटतं. भगर मात्र ताजी, कोरडी आणावी. ओल लागली की तिच्यावर बुरशी धरते आणि उलट्या-जुलाब होतात. पिठाच्या बाबतीत तर जास्तच जपावं.

आणि आषाढीला खिचडीच हवी असेल तर? करावी. साबुदाणा निम्मा घ्या, उरलेली जागा काकडीच्या पिळून घेतलेल्या किसाने भरा. भिजलेल्या साबुदाण्याला कूट आधीच नीट चोळून ठेवलं की दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. चिकटू नये म्हणून ओतलं जाणारं जास्तीचं तूप तिथेच वाचतं. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तुपावर परतून, झाकण ठेवून मंद आचेवर दोन वाफा द्याव्यात. कीस शेवटच्या वाफेआधी घाला, नाहीतर पाणी सुटून लगदा होतो.

वड्यांसाठी आप्पेपात्र काढा. प्रत्येक खळग्यात तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात, आणि झाकण काढून उलटल्यावर दुसरी बाजूही कुरकुरीत होते. तळणीतला खुसखुशीतपणा त्याला नाही. पण गरम असताना, दह्यात कालवलेल्या मिरचीच्या ठेच्याबरोबर, आमच्या घरी आता हेच वडे मागून खाल्ले जातात.