तेलकट स्टील आणि मिठाचं पाणी

शनिशिंगणापुरात उघड्या चौथऱ्यावरच्या शिळेला तेल वाहतात. तेच तेल हातांवरून स्टीलच्या भांड्यांना लागतं. नुसत्या पाण्यानं धुतलं तर थेंब घरंगळून जातात. बोट फिरवावं तर चिकट रेघ तशीच.

ही रेघ काढायला मिठाचं पाणी कामी येतं. त्यात मधे पडदा ठेवून वीज सोडली, की ऋण टोकाकडे सोडियम हायड्रॉक्साइडचं पाणी बनतं. हे पाणी तेल सुटं करतं. धन टोकाकडे बनणारं हायपोक्लोरस आम्ल जंतू मारतं. आधी तेल काढायचं, मगच जंतू. नाहीतर आम्ल त्या तेलातच वाया जातं.

पण जपा! स्टेनलेस स्टीलला राखतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. मिठाच्या पाण्यातलं क्लोराइड साचून राहिलं, तर तिथे टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे पडतात. म्हणून शेवटी साध्या पाण्यानं खळखळून धुवा, कोरड्या फडक्यानं पुसा.