बेटाचा वेग, बंदराचा मुक्काम
उष्ण समुद्रातली बेटं : लेख पाचवा

लक्षद्वीपची सहल ठरवताना बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो, ‘किती बेटं होतील?’ मग आठवडाभराच्या रजेत तीन-चार बेटं बसवली जातात आणि कोचीच्या वाट्याला विमान बदलण्यापुरते दोन-चार तास येतात. मागच्या लेखात प्रवाळबेट कसं घडतं ते आपण पाहिलं. त्याच्या घडणीतूनच त्यावर कसं फिरावं याचंही उत्तर निघतं, आणि ते या बेताच्या नेमकं उलट आहे. रजा सात दिवसांची असेल तर एकच बेट निवडावं, तिथे चार दिवस राहावं आणि उरलेले तीन कोचीला द्यावेत. हा केवळ आवडीनिवडीचा मामला नाही. तिथलं पाणी, तिथला समुद्र आणि तिथलं लोकजीवन या तिन्हींचा हिशेब मांडला तरी हेच हाती लागतं.

सुरुवात पाण्यापासून करू. लक्षद्वीपच्या 36 बेटांचं एकूण क्षेत्रफळ जेमतेम 32 चौरस किलोमीटर आहे आणि त्यांतल्या फक्त दहांवर वस्ती आहे. 2011 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 64 हजारांच्या वर होती, म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त माणसं. जाहिरातीतला निर्जन किनारा पाहून आपण समजतो तसा हा ओसाड मुलूख नाही. तो दाटीवाटीने वसलेला आहे. तिथे नदी नाही, ओढा नाही. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर आमटीवरच्या तवंगासारखं तरंगत राहतं, आणि विहिरींना लागतं ते हेच. उपसा वाढला की हा थर पातळ होतो आणि विहीर मचूळ होते. कोकणात समुद्रालगत ज्यांची घरं आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. 2005 मध्ये कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला. कमी दाबाखाली पृष्ठभागावरच्या कोमट पाण्याची वाफ करायची आणि सुमारे 350 मीटर खोलीवरून ओढलेल्या थंड पाण्याने ती निववायची, अशी त्याची रीत. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. हा आकडा मोठा वाटतो, पण अकरा हजारांच्या आसपास वस्तीला वाटला तर माणशी नऊ लिटर, म्हणजे अर्धी बादली. अशा ठिकाणी पाहुण्यांच्या खाटा मनाला येतील तितक्या वाढवता येत नाहीत. म्हणून रजेतल्या काही रात्री मुबलक पाणी असलेल्या शहरात काढणं हे बेटाच्या सोयीचं आहे.

दुसरा हिशेब समुद्राचा. कोचीहून निघालेलं जहाज बेटानुसार साधारण 14 ते 18 तास घेतं, आणि बहुतेक बेटांशी ते थेट धक्क्याला लागत नाही. प्रवाळभिंतीच्या आतलं लगून उथळ असतं, त्यामुळे जहाज बाहेर नांगर टाकतं. जहाजाच्या कुशीतलं दार उघडतं, खाली लहान होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते आणि ती वर आली की खलाशी दंडाला धरून एकेकाला आत घेतात. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, तांदळाची पोती सगळं याच वाटेने उतरतं. समुद्र खवळला की ही उतराई लांबते किंवा टळते. पावसाळ्यात तर लहान होड्यांची वाहतूक बंदच पडते. अगत्तीला विमान जातं, पण धावपट्टी आखूड असल्याने लहान विमानंच उतरतात, आणि पुढच्या बेटावर जायचं तर पुन्हा होडी आलीच. म्हणजे बेट बदलण्याचा प्रत्येक टप्पा हवामानावर हवाला ठेवून असतो. चार टप्पे जोडलेला बेत एका वाऱ्याने कोलमडतो. एका बेटाचा बेत फार तर एखाद्या दिवसाने सरकतो आणि ती भर कोचीच्या मुक्कामातून काढता येते.

तिसरी गोष्ट लोकजीवनाची, आणि ती घाईत हाती लागत नाही. मिनिकॉयची ट्यूनाची मासेमारी हे त्याचं उदाहरण. आपल्याकडच्या कुप्याचा हा भाऊबंद तिथे जाळ्याने नव्हे, काठीगळाने धरतात. आधी लगूनमध्ये बारीक आमिष-मासळी पकडून होडीतल्या पाण्यात जिवंत ठेवायची. बाहेर थवा दिसला की ती मूठमूठ फेकायची आणि पाण्याचे फवारे मारायचे, म्हणजे थवा होडीभोवती रेंगाळतो. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे हिसक्यासरशी मासा सुटून होडीत पडतो. पुढे तो उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवला की त्याचा ‘मास’ होतो. या सगळ्याचं मूळ लगूनमधल्या त्या बारीक मासळीत आहे आणि ती प्रवाळाच्या आसऱ्याने वाढते. 1998, 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापून इथली प्रवाळं पांढरी पडली, तो धक्का या धंद्यालाही होता. पर्यटकाने प्रवाळावर पाय का ठेवू नये, हे फलक वाचून जितकं कळतं त्याहून ही साखळी डोळ्यांनी पाहिल्यावर कळतं.

पण कोची कशासाठी, असं कुणी विचारेल. कारण बेटाचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे. बेटावरचा तांदूळ मुख्य भूमीवरून येतो, मोठ्या इस्पितळासाठी माणूस कोचीला येतो, मिनिकॉय सोडलं तर बोलीही मलयाळमच्याच घरातली. जहाजं सुटतात ते विलिंग्डन बेट तर माणसाने घडवलेलं आहे. 1920 नंतर बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाचा भराव घालून ते उभं राहिलं. 2023 मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोने खाडीतल्या वस्त्या पाहता येतात. मट्टांचेरीत 1568 चं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे आणि गोव्याहून गेलेल्या गौड सारस्वतांची वस्तीही. तिथे आजही कोकणी कानी पडते. अरबी समुद्राने माणसं कशी जोडली हे या शहरात आधी पाहिलं, तर बेटावरचं बरंच काही आपोआप उलगडतं.

आता आक्षेप. पहिला असा की, पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय दाखवणारी ‘समुद्रम’ ही जहाजसहल आहेच, आणि तिच्यात रात्रीचा मुक्काम जहाजावर असल्याने बेटाच्या पाण्यावर भारही कमी पडतो. हे खरं आहे आणि ज्यांना ओझरती ओळखच हवी त्यांच्यासाठी ती योजना चांगलीच. मात्र तिच्यात प्रत्येक बेट फक्त दिवसाउजेडी भेटतं. पहाटे निघणाऱ्या होड्या आणि संध्याकाळी गजबजणारी गल्ली हातून निसटते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पर्यटक कमी आले तर बेटावरच्या तरुणांनी खायचं काय? पण इथे मागणी पाहुण्यांच्या रात्री कमी करण्याची नसून त्या एकाच बेटावर सलग काढण्याची आहे. चार रात्री राहणारा एकच पाहुणा तेवढीच खोली भरतो आणि जेवण, होडी, वाटाड्या यांवरचा त्याचा खर्च त्याच गावात पडतो. एकेक रात्र राहणारे चौघे मात्र होडीच्या चौपट खेपा मागतात.

उरला प्रश्न रजेचा. चारच दिवस मिळत असतील तर बेट सोडून द्यावं आणि कोची नीट पाहावी. अर्धवट पाहिलेल्या तीन बेटांपेक्षा तो सौदा कधीही बरा. पुढच्या लेखात दक्षिणेला मालदीवकडे वळू. तिथे एका बेटावर एकच हॉटेल अशी रचना आहे, आणि इथे मांडलेला हिशेब तिथे कितपत टिकतो ते तपासू.