दिसायला सारखं, शीटला वेगळं: जीएसटीची बिलं जुळवताना मजकूर कसा तपासायचा?

महिन्याची 14 तारीख आली की जीएसटी पोर्टलवर तुमचं जीएसटीआर-2बी तयार होतं. सप्लायरांनी तुमच्या नावावर कोणती बिलं दाखवली, त्याची ही यादी. दरमहा रिटर्न भरत असाल तर 20 तारखेपर्यंत 3बी भरायचं. म्हणजे मधल्या पाच-सहा दिवसांत आपलं खरेदी रजिस्टर या यादीशी जुळवायचं. बिल 2बीमध्ये नसेल तर इनपुट क्रेडिट घेता येत नाही. 1 जानेवारी 2022 पासून हा नियम आहे. (कॉम्पोझिशन स्कीममध्ये असाल तर क्रेडिट मिळतच नाही, पण मजकूर तपासायची ही पद्धत स्टॉकच्या यादीलाही कामी येईल.)

समजा, तुम्ही 50,000 रुपयांचं पॅकिंग मटेरियल घेतलं आणि त्यावर 18 टक्क्यांनी 9,000 रुपये जीएसटी दिला. शीटमध्ये व्हीलुकअप लावलं, तर उत्तर आलं ‘एन/ए’. तुम्ही चिडून पार्टीला फोन लावता. समोरचा म्हणतो, “साहेब, बिल टाकलंय, नीट बघा ना.” आणि तो खरं बोलत असतो! बिल दोन्हीकडे असतं, फक्त लिहिलेलं जुळत नसतं. काहीजण तर फोनही करत नाहीत, क्रेडिट सोडून देतात. म्हणजे 9,000 रुपये खिशातून गेले.

म्हणून एक सवय लावून घ्या. आधी मजकूर तपासा, मग माणसाला विचारा. खालची फंक्शन एक्सेल आणि गूगल शीट्स दोन्हीत चालतात. नावं अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

1. दोन सेल समोरासमोर ठेवा

रिकाम्या सेलमध्ये ‘बरोबर’चं चिन्ह टाकून पहिला सेल, परत ‘बरोबर’ आणि दुसरा सेल लिहा. ‘ट्रू’ आलं तर जुळलं, ‘फॉल्स’ आलं तर कुठेतरी फरक आहे. या तुलनेत इंग्रजी मोठं-लहान अक्षर एकच धरलं जातं. तो फरकही पकडायचा असेल तर ‘एक्झॅक्ट’ वापरा. बिल नंबरसाठी सहसा साधी तुलना पुरते.

2. लांबी मोजा

‘लेन’ फंक्शन सेलमधली अक्षरं मोजतं. एकीकडे 6 आणि दुसरीकडे 7 आलं, तर बहुतेक वेळा शेवटी एक स्पेस लपलेली असते. ‘ट्रिम’ लावलं की पुढची-मागची स्पेस जाते. तरीही आकडा कमी झाला नाही? मग ती वेगळ्या जातीची स्पेस आहे, जी वेबपेजवरून कॉपी करताना येते. ती ट्रिमला दाद देत नाही. तीच रिकामी जागा कॉपी करून ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये टाका आणि रिप्लेसची जागा कोरी ठेवा.

3. आकडा की मजकूर?

शीटच्या दृष्टीने आकडा 45 आणि मजकूर म्हणून लिहिलेलं 45 एक नाहीत. आपण अलाइनमेंट बदललं नसेल तर आकडा उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. खात्रीसाठी ‘इजटेक्स्ट’ वापरा. याहून मोठा घोळ टाइप करतानाच होतो. 045 लिहिलं की शून्य गायब होतं, आणि 5-12 लिहिलं की शीट त्याची तारीख करून टाकते. तो नंबर मग हाताने परत लिहावा लागतो. म्हणून बिल नंबरचा कॉलम नोंदी करण्याआधीच ‘टेक्स्ट’ फॉरमॅटमध्ये ठेवा.

4. जीएसटी नंबर तपासा

तो बरोबर 15 अक्षरांचा असतो. पहिले 2 अंक राज्याचा कोड (महाराष्ट्र 27, गोवा 30), पुढची 10 अक्षरं पॅन. ‘लेन’ने 15 येतात का आणि ‘लेफ्ट’ने पहिले दोन अंक बरोबर आहेत का, एवढं बघा. लांबी बरोबर असूनही जुळत नसेल तर शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, किंवा 2 आणि ‘झेड’ यांची अदलाबदल झालीय का, ते डोळ्यांनी पाहा.

5. फक्त बिल नंबरवर जुळवू नका

101 नंबरचं बिल तुमच्या तीन सप्लायरांकडे असू शकतं. त्यामुळे ‘अँड’चं चिन्ह वापरून जीएसटी नंबर आणि बिल नंबर एका नव्या कॉलममध्ये जोडा, दोन्ही शीटमध्ये, आणि त्यावर व्हीलुकअप लावा. शेवटी ‘फॉल्स’ लिहायला विसरू नका. ते नसेल तर शीट जवळपासची ओळ उचलते आणि चुकीचं बिल ‘सापडलं’ म्हणून दाखवते.

जास्त सफाई करू नका

बिल नंबरमध्ये 16 पर्यंत अक्षरं, अंक, डॅश आणि स्लॅश चालतात. पार्टी स्लॅश लिहिते, आपण डॅश. मग वाटतं, दोन्ही काढूनच टाकू. पण थांबा! 1/11 आणि 11/1 यातला स्लॅश काढला की दोन्ही 111 होतात. दोन वेगळी बिलं एक झाली, आणि चुकून जास्त क्रेडिट घेऊन वापरलं तर ते व्याजासह परत भरावं लागतं. म्हणून काढण्याऐवजी सगळीकडे एकच चिन्ह करा, आणि जुळलेल्या प्रत्येक ओळीत कराची रक्कमही पडताळा. मूळ यादीला हात लावू नका, सफाई शेजारच्या कॉलममध्ये करा.

एवढं करूनही बिल सापडलं नाही, तर ते खरंच राहिलंय. आता पार्टीला फोन करा, बिलाचा फोटो पाठवा आणि शांतपणे सांगा, “दादा, हे एवढं बिल तुमच्या रिटर्नमध्ये घ्या.” तपासून केलेल्या फोनला वजन असतं, आणि संबंधही टिकतात.

आज एकच काम करा. मागच्या महिन्याची ‘न जुळलेली’ बिलं काढा आणि त्यांना फक्त ‘लेन’ आणि ‘ट्रिम’ लावून बघा. किती बिलं आपोआप जुळली, ते मोजा!